पलीकडच्या कमानी

१

हिवाळ्यात आमच्या घरात दिवस सुरू होतो तो चौकट खाली आली की. चार लांब दांड्यांची ती चौकट छताला दोऱ्यांनी टांगलेली असते. रात्री वर ओढून ठेवायची, म्हणजे खाली झोपायला जागा होते. सकाळी मक्याची भाकरी नि काकवी खाऊन झाली, भांडी विसळून झाली, की दोऱ्या सोडायच्या आणि ताणलेली गोधडी कमरेइतकी खाली आणायची. मग मी खिडकीच्या बाजूला खुर्ची ओढून बसते. उठते ती चुलीत लाकूड सारायला, नाहीतर ऑटीचं कपाळ बघायला.

ऑटी माझी एकुलती एक. तीन वर्षांची. नाताळापासून तिची छाती भरलेली. हार्मन, माझा नवरा, खाली लाकूडतोडीच्या तळावर अडकला होता आणि घरातल्या दोन धड गोधड्या त्याच्याबरोबर गेल्या होत्या. बर्फाने वाट बुजली ती बुजलीच. डॉक्टर तर उन्हाळ्यातसुद्धा आमच्या डोंगरावर चढत नाही. ऑटीच्या छातीला ऊब हवी होती. जाड पांघरूण हवं होतं आणि लवकर हवं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वरचं कापड माझ्या जुन्या झग्यांचं नि हार्मनच्या सदऱ्यांचं, अस्तर पेंडीच्या पोत्यांचं. आत भरायला मात्र कापूस नव्हता. मी माळ्यावर चढले आणि एक जुनी गोधडी खाली आणली.

हार्मनची आई चुलीपाशी शेंगा सोलत होती. ती ऑटीची मॅमॉ, म्हणजे आजी. ऑटीच्या तोंडून ऐकून मीही तिला मॅमॉच म्हणते, आणि आता खोऱ्यातले सगळेच म्हणतात.

"ती नको," मॅमॉ म्हणाली.

"का? उंदरांनी खाल्लीय का?"

"अर्धी राहिलेली आहे ती. आम्ही घर घेतलं तेव्हापासून तशीच माळ्यावर पडलीय. अर्धी राहिलेली आधी पुरी करतात, मग दुसरी लावतात. तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"शिकवलंय हो. पण ही पुरी करायला महिना जाईल. पोरगी आज खोकतेय, मॅमॉ."

तिने पुढची शेंग सोलायला घेतली. जुनी गोधडी नव्याच्या पोटात घालणं आमच्याकडे काही नवं नाही. गरिबाचा कापूस तोच. मी ती झटकली. निम्म्यात कमानी शिवलेल्या होत्या नि निम्मी कोरी. शेवटच्या टाक्यात गंजलेली सुई तशीच होती. मी ती उपसून चुलीत टाकली आणि कामाला लागले.

२

कमानी आम्ही मोजपट्टीने आखत नाही. कोपर कापडावर रोवायचं, बोटांत खडू धरायचा आणि हात गोल फिरवायचा. एकीच्या आत एक अशा कमानी उमटत जातात आणि त्यांच्यावरून धावदोरा घालायचा. त्यामुळे ज्या बाईचा हात जेवढा, तेवढी तिची कमान. कुठलीही गोधडी दाखवा, बाई उंच की बुटकी ते मी सांगते. माझ्या टाक्यांवर माझा भरवसा आहे. लहान असतात, सारखे असतात आणि घाईतही बिघडत नाहीत.

एकटी बाई शिवते तेव्हा एका कडेने सुरू करून मधोमध येते, मग उठून पलीकडे बसते. शिवून झालेला भाग दांडीवर गुंडाळायचा, म्हणजे चौकट हळूहळू अरुंद होत जाते. मी खिडकीच्या कडेने सुरू केलं होतं. भिंतीकडची बाजू कोरी होती.

त्या आठवड्यात वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. छपराच्या फळ्या थडथडायच्या. फटींतून पिठासारखा बर्फ आत यायचा आणि मी तो कुंच्याने गोळा करायची. अशीच एकदा झाडता झाडता मी कपाटापर्यंत गेले आणि थबकले. रोज तिथे जायचं तर पोट आत ओढून, अंग तिरकं करून जावं लागे. आज सरळ गेले होते.

खोली मोठी झाली होती.

खोली मोठी होत नसते. चौकट अरुंद झाली होती. मी माझ्या बाजूला एकच वेढा गुंडाळला होता. वाकून पाहिलं तर भिंतीकडच्या दांडीवरही एक वेढा होता. तो उलगडला. आत कमानी शिवलेल्या होत्या.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, म्हातारी चोरून मदत करतेय.

३

मॅमॉ गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आली. बुटांवरचा बर्फ तिने उंबऱ्यावर आपटला.

"मॅमॉ, सांगायचं तरी! मी इथे मान मोडून घेतेय आणि तुम्ही गुपचूप पलीकडून येताय."

"काय बडबडतेस?"

मी कमानी दाखवल्या. तिने डोळे बारीक केले, मग आपले दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वाकडी. "या हातांनी? बाई, मला सदऱ्याची गुंडी लावायला तुझी पोरगी लागते."

"मग कोणी? मांजरानं?"

"तूच शिवलंस झोपेत. माझी बहीण झोपेत लोणी घुसळायची. सकाळी विचारलं तर म्हणायची, लोणी कुणी काढलं? आणि तूही हल्ली नीट झोपत नाहीस. दर खोकल्याला उठून बसतेस."

हे मला पटलं. ऑटीचा श्वास ऐकत रात्री मी कुठे कुठे उभी असते ते मलाच सकाळी आठवत नाही. पण एक खात्री करून घ्यावी म्हणून मी कोपर कमानींच्या मध्याशी रोवलं आणि हात फिरवला.

माझी बोटं कमानीपर्यंत पोचेनात. बाहेरची कमान बरीच पुढे होती. मॅमॉने पाहिलं नि तिनेही आपलं कोपर टेकवलं. ती तर माझ्याहून ठेंगणी.

"हार्मनचा हात पोचेल का?" मी विचारलं.

"हार्मनला सुई कुठल्या बाजूनं धरतात ते तरी ठाऊक आहे का?" मॅमॉ म्हणाली, पण हसली नाही. ती कमानीवरून बोट फिरवत राहिली. "टाके चांगलेत. तुझ्याहून चांगले."

याचा मला राग आला. खरं सांगते, भीतीच्या आधी राग आला.

४

मी ठरवलं की काम थांबवायचं नाही. झोपेत शिवते तर शिवते, पांघरूण लवकर होईल. खडू दोरीला बांधला असेल, कमान मोठी आली असेल. माणसाला झोपेत काय काय सुचतं. चौकट संध्याकाळी वर ओढली की दोऱ्यांना मी माझी गाठ मारायला लागले. माझ्या बापाने खेचर बांधायला शिकवलेली गाठ, ती दुसऱ्याला सुटत नाही. सकाळी गाठी जशाच्या तशा असायच्या.

आणि भिंतीकडच्या दांडीवर अर्धा वेढा वाढलेला असायचा.

ऑटी दिवसभर चौकटीखाली खेळायची. सगळीच पोरं खेळतात, मीही खेळले आहे. वर कापडाचं छप्पर असतं, बायकांचे पाय दिसतात, सुयांची टोकं आत येतात नि जातात. फार सुरक्षित वाटतं. तिच्याकडे दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची माळ होती, ती फरशीवर ओढत बसायची.

"आई," खालून आवाज आला, "तू पाय हलवतेस."

"थंडी वाजते म्हणून हलवते."

"ती नाही हलवत."

माझी सुई थांबली. "कोण, राणी?"

"ती गं. तिच्या बुटाची नाडी सुटलीय. मी बांधू?"

मी खाली वाकले. ऑटी माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्यापुढे रिकामी फरशी, पलीकडे भिंत. फरशी ओली होती, पण फटीतून बर्फ तिथे येतच होता. मी स्वतः सकाळी तो झाडला होता.

"मॅमॉचे बूट असतील," मी म्हणाले. मॅमॉ चुलीपाशी स्टॉकिंग वाळत घालत होती. ऑटीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहान पोरं मोठ्यांच्या मूर्खपणावर सोडतात तसा एक सुस्कारा सोडला.

"मॅमॉचे बूट कोरडे आहेत," ती म्हणाली.

५

यानंतर मी ऑटीला चौकटीखालून काढलं असेल असं तुम्हाला वाटेल. काढलं. कॉटवर झोपवलं, छातीवर भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. ती खोकायला लागली. असा खोकला, की ओठ निळे व्हावेत. मॅमॉने तिला उपडी धरून पाठ थोपटली, मी कढत पाण्याची वाफ दिली. काही केल्या उतार पडेना. शेवटी ती माझ्या हातांतून निसटली, रांगत चौकटीखाली गेली, भिंतीच्या बाजूला जाऊन बसली.

आणि खोकला थांबला.

"तिथे गरम आहे," ती म्हणाली.

मी हात घालून पाहिला. मला तर तिथे गारच लागलं. पण तिचा श्वास मोकळा झाला होता. घरघर नाही, काही नाही. चुलीची हवा छताला लागून त्या भिंतीवरून खाली उतरत असेल, असं मी स्वतःला समजावलं. आई पोराच्या श्वासापुढे अक्कल चालवत नाही. मी तिला तिथे बसू दिलं. एक दिवस, मग दुसरा.

काम मात्र मी दुप्पट केलं. मधोमध जो कोरा पट्टा राहिला होता तो मी आधी भरणार होते. तो माझा होता. वरचं कापड माझं, पोरगी माझी, आणि पलीकडून जे काही येत होतं त्याला मध्यापर्यंत मी पोचू देणार नव्हते. मॅमॉ म्हणायची, "बोटं सोलून निघालीत तुझी, थांब जरा." मी थांबत नव्हते.

बोटावरच्या धातूच्या टोपीने, अंगुस्तान्याने, सुई रेटली की बारीक टिक असा आवाज होतो. माझी टिक झाली की मागोमाग आणखी एक टिक ऐकू यायची. खिडकीवर गारा आपटत होत्या, तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग गारा थांबल्या.

टिक.

टिक.

६

त्या दुपारी वादळाचा जोर असा होता की मॅमॉ गोठ्यापर्यंत दोर धरून गेली. घरात मी आणि ऑटी. ऑटी चौकटीखाली, गप्प. पट्टा आता वीतभर उरला होता. आज उरकायचं, असं मी ठरवलं होतं.

गोधडी शिवताना एक हात वर असतो आणि एक कापडाखाली. खालचा हात दिसत नाही. सुईचं टोक बोटाला लागलं की कळतं, तिन्ही थर भेदले, आता सुई परत वर पाठवायची. सगळं काम त्या न दिसणाऱ्या बोटावर चालतं.

मी सुई खाली घातली. ती बोटाला लागली नाही. खाली कुणीतरी धरली होती.

"ऑटी, सोड गं."

सुटली नाही. हिसका नाही, ओढ नाही. आपण शेजारणीची सुई धरतो तशी, सहज धरलेली. मग सुई आपोआप वर आली. जिथे यायला हवी होती नेमकी तिथून, माझ्याहून सरळ. आणि कापडाखाली माझ्या उघड्या बोटाला काहीतरी टेकलं. गार. धातूचं. खड्डे खड्डे असलेलं.

माझा अंगुस्ताना माझ्या वरच्या हातात होता. ऑटीकडे अंगुस्ताना नव्हता.

मी ओरडले नाही. हात हळू बाहेर काढला, खुर्चीवरून उतरले आणि गुडघे टेकून खाली पाहिलं. ऑटी भिंतीच्या बाजूला पाठमोरी बसलेली. मान पुढे झुकलेली. बसल्या बसल्या झोपली होती. तिच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

मी तिला बगलेत धरून बाहेर ओढलं, खिडकीपाशी आणलं. श्वास चालू होता, खोल, शांत. तिला खांद्यावर घेताना तिच्या पाठीकडे लक्ष गेलं.

तिच्या फ्लॅनेलच्या झग्यावर खडूने कमानी आखल्या होत्या. एकीच्या आत एक. डाव्या खांद्यापासून उजव्या कुशीपर्यंत, पाठीत मावत नव्हत्या इतक्या मोठ्या. आणि सर्वांत आतली कमान शिवायला घेतली होती. झगा आणि आतली बंडी दोन्ही एकत्र धरून धावदोरा घातलेला, लहान, सारखा. मी बंडीच्या आत चाचपलं. कातडीला सुईचा ओरखडासुद्धा नव्हता. इतकी सफाई होती.

दोरा तोडलेला नव्हता. तो ऑटीच्या पाठीवरून खाली लोंबत होता आणि चौकटीखाली गेला होता. मी बघत असताना तो हळूच ताठ झाला.

मी तो दातांनी तोडला.

७

मॅमॉ आत आली तेव्हा मी चौकटीच्या दोऱ्या कापत होते. ऑटी माझ्या पोटाशी शालीत बांधलेली.

"वेड लागलं का तुला? काय करतेस?"

"बाहेर देतेय."

"पांघरूण? या थंडीत? अगं, उद्यापर्यंत झरा गोठेल. पोरीला काय घालशील?"

"मी आहे ना."

"तू काय गोधडी आहेस?"

मी वळले आणि शाल सरकवून ऑटीची पाठ दाखवली. मॅमॉने पाहिलं. तिचा हात आपोआप पुढे झाला, कोपर टेकवायला, आणि तिने तो मागे घेतला. बादली खाली ठेवली. मग तिने जाऊन दार उघडलं आणि वाऱ्याविरुद्ध अंगाने रेटून धरलं.

गोधडी जड झाली होती. एका गोधडीचं वजन मला माहीत आहे, दोन गोधड्यांचंही माहीत आहे, ही त्याहून जड होती. मी ती दांड्यांवरून सोडवली, फरफटत ओटा ओलांडून अंगणात नेली, जळाऊ लाकडांच्या पलीकडे, आणि बर्फावर पसरली. चारही कोपरे नीट केले. का नीट केले ते विचारू नका. पाहुणीला अंथरूण घालताना चुरगळलेलं कुणी घालत नाही.

"घे," मी म्हणाले. "तुझी होती. पुरी झालीच समज."

मग आत आले आणि अडसर घातला.

ती थंडी मी विसरणार नाही. मॅमॉने खुर्ची मोडून चुलीत घातली. चौकटीच्या दांड्याही घातल्या. मी अंगातले कपडे काढून ऑटीला उघड्या छातीशी धरलं आणि वरून दोघींचे झगे, पोती, मॅमॉचा कोट, जे होतं ते ओढलं. खोकला परत आला. पहिल्याहून वाईट. प्रत्येक ढास माझ्या बरगड्यांतून जात होती. एकदा मॅमॉ माझ्याकडे बघायची, एकदा दाराकडे. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. दार उघडून ती ऊब परत आणावी. माझ्याही मनात तेच येत होतं. मी उठले नाही.

सकाळी वारा पडला. ऑटीला ढास लागली, तिने पुष्कळसा कफ माझ्या गळ्यावर ओकला आणि दूध मागितलं. आवाज बसका होता, पण तिचा होता. मॅमॉ तोंडावर हात धरून रडली. मी ऑटीला तशीच उचलून खिडकीशी गेले, काचेवरचा बर्फ नखांनी खरवडला.

ऊन लख्ख पडलं होतं. अंगण सगळं भरून सपाट झालं होतं, कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. फक्त लाकडांच्या पलीकडे गोधडी होती, तिच्यावर एक कण बर्फ नव्हता. ती सपाटही नव्हती. खाली कुणीतरी कुशीवर झोपल्यासारखा उंचवटा होता, पाय पोटाशी घेतलेला. गोधडी फार हळू वर येत होती आणि खाली जात होती.

एका कडेने हात बाहेर आला. लांब. कोपर बर्फात रुतलं आणि हात फिरला. मला वाटलं, कमान काढतेय. पण नाही. तो हात शेजारची जागा चाचपत होता. जवळ चाचपलं, मग थोडं लांब, मग परत जवळ. डोळे न उघडता. बोटं थबकायची, परत शोधायची.

हे चाचपणं मी ओळखते. ऑटी शेजारी आहे ना, म्हणून रोज रात्री मी हेच करते.

ऑटी काचेकडे वळायला लागली. मी तिचं डोकं माझ्या मानेत दाबून धरलं.

"आई, काय आहे बाहेर?"

"बर्फ," मी म्हणाले, आणि खिडकीची फळी लावून घेतली.